पोटॅशियम वाढलेलं दिसलं? आधी सॅम्पल कसं होतं ते विचारा

गेल्या पावसात गोव्यात फोंड्याला मामाचं रक्त घरी येऊन नेलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.९. नॉर्मल साधारण ३.५ ते ५, आणि साडेसहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे मामी रडायलाच लागली. मी लॅबमध्ये काम करते म्हणून मला व्हॉट्सॅपवर पाठवला, बघते तर खाली बारीक अक्षरात ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’. तरी लगेच ईसीजी काढून घेतला, तो ठीक होता, दुसऱ्यांदा रक्त दिलं तर ४.४.

हिमोलाइज्ड म्हणजे लाल पेशी फुटलेलं सॅम्पल. या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसेक पट असतं, पेशी फुटली की ते सगळं सीरममध्ये उतरतं आणि मशीन बिचारं जे आहे ते मोजतं. रक्त मशीनमध्ये गरगर फिरवल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ना, तेच सीरम, ते अशा वेळी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. एलडीएच आणि एसजीओटी ही पेशींमधली एन्झाइम्स पण वाढतात, म्हणजे लिव्हर ठणठणीत असून बिघडल्यासारखं वाटतं. उलटं पण होतं, ट्रोपोनिन टी (हार्ट अटॅक ओळखायची टेस्ट) किंवा डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीची टेस्ट) खोटं कमी येऊ शकतं, आणि हार्टच्या पेशंटला ट्रोपोनिन कमी दाखवणं हे मला तरी जास्त भीतीदायक वाटतं. सोडियमला सहसा फारसा फरक पडत नाही.

आता पेशी फुटतात कुठे, तर बहुतेक वेळा रक्त काढतानाच. नवीन टेक्निशियन मुलामुलींनो, स्पिरिट लावलं की अर्धा मिनिट सुकू द्या, दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या वर नको, मोठ्या माणसाला २१ किंवा २२ नंबरची सुई घ्या, सिरिंजचा दांडा हळू ओढा, आणि ट्यूबच्या झाकणात सुई खुपसून रक्त जोरात दाबू नका, सुई काढून झाकण उघडून कडेने सोडा. जांभळ्या झाकणाची ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, हलवायची नाही. आणि सॅम्पल कमी पडलं म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये कधीच ओतू नका, त्यातल्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधातच पोटॅशियम असतं. सलाईनच्या सुईतून काढलेलं रक्त पण जास्त फुटतं.

मग प्रवास. वाळपई नाहीतर काणकोणहून सॅम्पल बाईकच्या डिकीत तापत, आदळत पणजीपर्यंत जातं तेव्हा रस्त्यात काय होत असेल विचार करा. दोन तासांत सीरम वेगळं केलेलं बरं. न फिरवलेली ट्यूब फ्रिजमध्ये पण ठेवू नका, थंडीत पेशी न फुटताच पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि पाणी स्वच्छ दिसत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

पेशंटने काय करायचं, तर हात सैल ठेवा, मूठ पुन्हा पुन्हा आवळू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि त्याच दिवशी परत रक्त द्या. पण किडनीचा त्रास आहे, डायलिसिस चालू आहे किंवा बीपीच्या काही गोळ्या आहेत अशांनी ‘सॅम्पलच खराब असेल’ म्हणून घरी बसायचं नाही हां, त्यांचं खरंच वाढलेलं असू शकतं, आधी ईसीजी.

आणि परत नीट काढलेल्या सॅम्पलचं सीरमही लालच आलं तर पेशी शरीरातच फुटत असतील. पावसात मलेरिया, लेप्टो (उंदराच्या मुताने होणारा ताप) असतातच, काहींना जन्मापासून जी-६-पीडी, म्हणजे लाल पेशींना सांभाळणारं एन्झाइम, कमी असतं आणि मलेरियाची प्रायमाक्विन गोळी घेतल्यावर ते उघडं पडतं. लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, चालताना धाप, असं दिसलं तर थेट बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या हॉस्पिटलात जा. तिथे रेटिक काउंट (नव्या लाल पेशी किती ते), हॅप्टोग्लोबिन (पेशी फुटल्या की कमी होणारं प्रथिन), स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघणं) करतात. पेशी भराभर फुटत असताना जी-६-पीडीची टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण कमजोर जुन्या पेशी आधीच गेलेल्या असतात, म्हणून तीनेक महिन्यांनी ती परत करा. अशा माणसाच्या शुगरच्या एचबीए१सीवर (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या टेस्टवर) पण विसंबू नका, पेशी लवकर मरतात म्हणून तो कमीच दिसतो, बोटाची शुगर तपासत राहा.