परीक्षा, अपेक्षा, प्रतीक्षा: इंग्रजी शब्दही असेच फोडायचे

परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा. हे शब्द आपण रोज वापरतो, पण सगळ्यांच्या पोटात एकच धातू आहे हे सहसा लक्षात येत नाही. तो धातू म्हणजे ईक्ष्, अर्थ बघणे. परि म्हणजे सगळीकडून, म्हणून सगळीकडून बघणं ती परीक्षा, आणि प्रति म्हणजे कडे, म्हणून कोणाच्या तरी दिशेने डोळे लावून बसणं ती प्रतीक्षा. हे एकदा कळलं की सहा शब्द सहा राहत नाहीत, एकच गोष्ट होते.

आता इंग्रजीकडे या. लॅटिनमध्ये बघण्यासाठी जो धातू आहे त्याचं इंग्रजीतलं रूप स्पेक्ट. इन म्हणजे आत, आत डोकावून बघणं ते इन्स्पेक्ट. रि म्हणजे मागे, परत, जाताजाता वळून बघावंसं वाटतं ते रिस्पेक्ट. सब म्हणजे खाली, खालून तिरक्या नजरेने बघणं ते सस्पेक्ट. प्रो म्हणजे पुढे, म्हणून प्रॉस्पेक्ट, रेट्रो म्हणजे मागच्या दिशेला, म्हणून रेट्रोस्पेक्ट. एक्स म्हणजे बाहेर, बाहेर नजर लावून बसणं ते एक्स्पेक्ट (इथे धातूचा एस हा एक्समध्ये गिळला गेलाय, त्यामुळे तो चटकन दिसत नाही), आणि गंमत म्हणजे आपल्या अपेक्षामध्येही बघणंच आहे, अप अधिक ईक्षा. दोन्ही भाषांनी तोच विचार केला. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ त्या दोन शब्दांकडेच बघत बसलो होतो.

त्याआधी मीही बहुतेकजण करतात तेच केलं होतं, म्हणजे वर्डलिस्ट घेऊन ए पासून सुरुवात, रोज चाळीस शब्द, समोर मराठी अर्थ. अबेट, अबेयन्स, अबेरेशन, अब्जुअर. आठवड्याने मागे वळून बघितलं तर सगळे एकमेकांत मिसळलेले, कारण त्यांच्यात साम्य काय तर फक्त पहिली दोन अक्षरं, आणि अक्षरांच्या साम्याने डोक्यात गोंधळच वाढतो, अर्थाच्या साम्याने शब्द टिकतो. म्हणून पहिली गोष्ट, लिस्ट बाजूला ठेवा आणि एका धातूला वहीचं एक पान द्या.

पान कसं भरायचं ते सांगतो. वर मधोमध धातू लिहायचा, स्पेक्ट, आणि खाली लिहायचं की तो स्पिक आणि स्पाइज अशा रूपांतही येतो. मग तुम्हाला आधीच येणारे तीन-चार शब्द लिहायचे, हे फार महत्त्वाचं, कारण नवा शब्द ओळखीच्या शब्दाला धरूनच आत येतो. इन्स्पेक्टर, रिस्पेक्ट, स्पेक्टेटर तर सगळ्यांना येतात. त्यानंतर एकच नवा शब्द, समजा सर्कमस्पेक्ट. सर्कम म्हणजे भोवती, सर्कलमधला तोच. तर आधी तोडका-मोडका शब्दशः अर्थ लिहा, भोवती बघणारा. मग स्वतः अंदाज करा की चहूकडे बघून मग पाऊल टाकतो तो माणूस कसा असेल, आणि अंदाज लिहून झाल्यावरच डिक्शनरी उघडा. सावध, जपून वागणारा. बरोबर आलं ना? आता नीट बघा, सर्कम म्हणजे परि आणि स्पेक्ट म्हणजे ईक्ष्, म्हणजे रचनेने हा शब्द म्हणजे अगदी परीक्षा, पण इंग्रजीत तो सावध माणसाकडे गेला आणि आपल्याकडे तपासून बघण्याकडे. तर शब्दशः अर्थ तुम्हाला घराच्या दारापर्यंत आणून सोडतो, आत डिक्शनरीच नेते, आणि हा क्रम उलटा करू नका. आधी अर्थ वाचला आणि मग फोड वाचली तर दोन्ही विसरायला होतं. स्वतः अंदाज केला, चुकला, मग खरा अर्थ कळला, तर तो चुकलेला अंदाजसुद्धा शब्द लक्षात ठेवायला मदत करतो.

याच पानावर पुढे कॉन्स्पिक्युअस येईल, डोळ्यात भरणारा. डिस्पाइज येईल, डी म्हणजे खाली, वरून खाली बघणं, तुच्छ लेखणं. आणि माझा सगळ्यात आवडता ऑस्पिशस, म्हणजे शुभ. त्याच्या सुरुवातीला जो ऑ आहे तो लॅटिनमधल्या अव्हिस या शब्दाचा, अव्हिस म्हणजे पक्षी, एव्हिएशनमध्ये तोच आहे. रोमन लोक पक्ष्यांचं उडणं बघून शुभ-अशुभ ठरवायचे, म्हणून पक्षी बघणं यातून शुभ हा अर्थ आला. आणि आपण याला काय म्हणतो? शकुन. संस्कृतमध्ये शकुन म्हणजे पक्षीच.

आता उपसर्ग. धातू शेकड्याने आहेत पण उपसर्ग वीस-पंचवीस पक्के केले की मोठं काम होतं, आणि त्यातले बरेच आपल्याला वेगळ्या वेषात आधीच येतात, कारण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा. विल्यम जोन्स या संस्कृतच्या इंग्रज अभ्यासकाने 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना या तिन्ही भाषांचं मूळ एक असावं असं म्हटलं होतं, आणि पुढे भाषाशास्त्राने ते धरून खूप मोठं काम उभं केलं. आपल्याला त्याचा थेट फायदा होतो. ग्रीक पेरी म्हणजे आपलं परि, म्हणून पेरिमीटर म्हणजे अक्षरशः परिमिती. ग्रीक हायपर म्हणजे उपरि, वर, जास्त, आणि हायपो म्हणजे उप, खाली, कमी. या दोघांत गोंधळ होणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन कधी उलटं होणार नाही. लॅटिन इंटर म्हणजे आपलं अंतर्. ग्रीक डिस, जो वायने लिहितात, तो म्हणजे आपला दुस्, दुर्, वाईट किंवा अवघड, डिस्लेक्सियामधला. मात्र आयने लिहिलेला डिस लॅटिनचा, त्याचा अर्थ वेगळं करणं किंवा उलट. स्पेलिंगमधल्या एका अक्षरावर दोन वेगळे उपसर्ग आहेत.

ग्रीकमधला नकाराचा अ तर हुबेहूब आपला. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. आपण अमर म्हणतो पण अनंत म्हणतो, तसंच ग्रीकमध्ये एथिइस्टमध्ये नुसता ए आणि ॲनार्कीमध्ये ॲन. ॲनॉनिमस फोडून बघा, ॲन अधिक नाव, आणि ते ग्रीक नावही आपल्या नामच्याच नात्यातलं. म्हणजे अनाम. ॲटममध्ये ए अधिक टॉम, टॉम म्हणजे कापणे, जो कापता येत नाही तो. ॲनाटॉमीमधलाही टॉम तोच.

आता एक अडचण येते जिथे बरेच लोक ही पद्धत सोडून देतात. उपसर्ग ओळखूच येत नाही, कारण त्याचं रूप बदललेलं असतं. इन म्हणजे नाही हे पाठ केलं, पण शब्द समोर येतो इल्लीगल, इम्पॉसिबल, इर्रेग्युलर. हा काही अपवाद नाही, ही संधी आहे, आपली व्याकरणातली संधी. सत् अधिक जन म्हणजे सज्जन, उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, पुढच्या अक्षराच्या ओढीने मागचं अक्षर बदलतं. तिथेही तेच. इन पुढे एल आला की इल, आर आला की इर, पी, बी, एम आला की इम. कॉन म्हणजे सोबत, त्याचं कॉल, कॉर, कॉम होतं, म्हणून कोलॅबोरेट, करप्ट, कम्बाइन. ॲड म्हणजे कडे, तो तर सगळ्यात जास्त रूपं घेतो, ॲट्रॅक्ट, ॲफर्म, ॲप्रूव्ह, ॲग्रेसिव्ह या सगळ्यांत तोच बसलाय. याचा अजून एक फायदा म्हणजे स्पेलिंगमधली डबल अक्षरं, ज्यांनी आपण हैराण होतो, त्यातली कितीतरी या जोडावरच पडलेली असतात, एक अक्षर उपसर्गाचं आणि एक धातूचं.

ग्रीक शब्द ओळखायची खूण स्पेलिंगमध्येच असते. पी आणि एच मिळून फ, सी आणि एच मिळून क, सुरुवातीला मुका पी आणि मग एस, मध्येच आलेला वाय. फिजिक्स, क्रॉनिक, सायकॉलॉजी, सिस्टिम. असं दिसलं की समजायचं ग्रीक असण्याची शक्यता खूप, आणि मग अर्थही बहुतेक शास्त्राचा, वैद्यकाचा किंवा विचाराचा असतो. ग्रीक तुकडे फोडायला सोपे, कारण ते आपल्या सामासिक शब्दांसारखे सरळ जोडलेले असतात. टेलि म्हणजे दूर, फोन म्हणजे आवाज, दूरध्वनी. मायक्रो म्हणजे सूक्ष्म, स्कोप म्हणजे बघणं, सूक्ष्मदर्शक. ट्रिग्नॉमेट्री म्हणजे ट्राय, गॉन, मेट्री, आणि आपला शब्द त्रि, कोण, मिती. शाळेत ज्यांना त्रिकोणमिती हा शब्द आला त्यांना तीन ग्रीक धातू तेव्हाच आले होते, फक्त कोणी सांगितलं नाही. टेलिव्हिजन मात्र मिश्र आहे, टेलि ग्रीक आणि व्हिजन लॅटिन.

सगळ्याच इंग्रजी शब्दांना हे चालतं का? नाही. गो, कम, ईट, हाऊस, वॉटर हे रोजचे छोटे शब्द जुन्या इंग्रजीतून आलेले जर्मानिक कुळातले, तिथे लॅटिन शोधत बसू नका, आणि गेट अप, पुट ऑफ असल्या जोड्यांनाही हे लागू नाही, त्या ऐकून-वाचूनच येतात. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकारभाराची भाषा फ्रेंच झाली आणि तिच्यामार्गे लॅटिन शब्दांची रांग लागली, पुढे विद्वानांनी थेट लॅटिन-ग्रीकमधून उचलले ते वेगळेच. म्हणून इंग्रजीत दोन थर आहेत, जसे आपल्याकडे तद्भव आणि तत्सम. आपण हात म्हणतो पण हस्तलिखित म्हणतो, दात म्हणतो पण दंतवैद्य म्हणतो. ते हॅंड म्हणतात पण मॅन्युस्क्रिप्ट म्हणतात, मॅन्यु म्हणजे हात आणि स्क्रिप्ट म्हणजे लिहिलेलं, टूथ म्हणतात पण डेंटिस्ट म्हणतात. हे धातू मुख्यतः वरच्या थरासाठी आहेत, म्हणजे पेपरातले अग्रलेख, कायदा, विज्ञान, स्पर्धा परीक्षा, जिथे आपण खरंच अडतो तिथे.

फसायच्या जागाही सांगतो, कारण यात मी स्वतः फसलोय. पेड म्हणजे पाय, पेडल, पेडेस्ट्रियन, आपल्या पादचा भाऊ. मग पेडिअ‍ॅट्रिशियन म्हणजे पायाचा डॉक्टर असणार असं मी अगदी खात्रीने एकाला सांगितलं होतं. तो लहान मुलांचा डॉक्टर. तिथला पेड ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल, पेडॅगॉजीमध्येही तोच. पायाचा डॉक्टर पोडिअ‍ॅट्रिस्ट, कारण ग्रीकमध्ये पाय म्हणजे पोड. तसंच होमो सेपियन्समधला होमो लॅटिन, माणूस, आणि होमोजीनियसमधला होमो ग्रीक, समान. इन्फ्लेमेबलमधला इन नकाराचा नाही, आतला आहे, म्हणजे पेट घेणारं, आणि हा गैरसमज खरंच जीवावर बेतू शकतो. हिस्टरीमध्ये हिज नाही, तो ग्रीक शब्द आहे, शोध घेणे या अर्थाचा. आणि आपल्याला आपल्या भाषेमुळे एक खास धोका आहे, आवाज जुळला की नातं जोडायचा मोह होतो. लॅटिन देउस आणि आपला देव यांचं नातं खरं आहे, पण ग्रीक थिऑसचा अर्थ देव असूनही त्याचा या दोघांशी संबंध नाही. म्हणून शंका आली की चांगल्या डिक्शनरीत शब्दाच्या शेवटी मूळ दिलेलं असतं ते बघायचंच, दहा सेकंदांचं काम आहे.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर स्पेक्ट झाल्यावर हे घ्या: स्क्रिप्ट लिहिणे, डिक्ट बोलणे, पोर्ट वाहून नेणे, ड्यूस किंवा डक्ट नेणे, रप्ट फुटणे, ट्रॅक्ट ओढणे, मिट किंवा मिस पाठवणे, व्हर्ट वळणे, आणि ग्रीकमधले ग्राफ लिहिणे, लॉग बोलणं किंवा शास्त्र, पॅथ भावना किंवा दुःख, क्रॉन काळ, थर्म उष्णता. दोन दिवसांना एक धातू पुरे. पहिल्या दिवशी पान भरायचं, दुसऱ्या दिवशी वही बंद करून कोऱ्या कागदावर तेच पान आठवून काढायचं आणि जे सुटलं ते लाल पेनाने. रविवारी नवीन काही नाही, इंग्रजीतला एखादा लांब लेख घ्यायचा, त्यात तुमच्या वहीतला धातू जिथे दिसेल तिथे खूण करायची आणि त्या वाक्यात त्याने अर्थ कसा बदललाय ते बघायचं. वाक्यात भेटल्याशिवाय शब्द वापरायला येत नाही, मी अशा कितीतरी शब्दांची फोड सांगू शकायचो आणि एकही बोलताना आठवायचा नाही, रविवारचं वाचन सुरू केल्यावरच ते जिभेवर यायला लागले.

हे तीन शब्द मुद्दाम सोडून जातोय, डिक्शनरी न उघडता आधी कागदावर फोडून बघा: इंटरसेप्ट, रेट्रोग्रेड, मिसॅन्थ्रोप. पहिल्यातला सेप्ट म्हणजे पकडणे, दुसऱ्यातला ग्रेड म्हणजे पाऊल, आणि तिसऱ्यातला ॲन्थ्रोप म्हणजे माणूस. फक्त तिसऱ्यातला मिस हा मिसटेकमधला नाही, तो ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ तिरस्कार.