मुलांच्या लाकडी वस्तूंना फिनिश लावायचंय? आधी सुकायचे दिवस मोजा

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत अकरा मुलांनी चार रविवार खपून ट्रक, पेनस्टँड, छोटे पाट असं बरंच काय काय बनवलं. गणपतीत टेबलावर मांडायचं होतं, आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी मी सगळ्यांच्या हातात बेलतेल, म्हणजे लाकडाला लावायचं जवसाचं तेल, आणि फडकी दिली. चतुर्थीला सकाळी क्लबहाउस उघडलं तर सगळं चिकट. एका ट्रकच्या टपावर अंगठ्याच्या रेघा मोजता येतील इतका स्पष्ट ठसा, पाट वर्तमानपत्रावर पालथे घातलेले ते तिथेच चिकटलेले, आणि एक ओढून काढला तर पाटाच्या तोंडावर बातमीची अक्षरं उलटी उमटलेली. पाट सहा वर्षांच्या मुलीचा. "हे पुसलं जाईल ना?" तिने विचारलं आणि मला उत्तर देता येईना. म्हणून या वर्षी हे आधीच लिहून ठेवतेय, तुम्हालाही उपयोगी पडेल.

तर पहिलं काम दुकानात जायचं नाही, कॅलेंडर काढायचं. वस्तू मुलांच्या हातात कधी द्यायची ती तारीख लिहा आणि तिथून मागे मोजा. उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे पेंटर ज्याला बेलतेल म्हणतात ते, पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे पावसात त्याला दोन-तीन आठवडे धरूनच चाला. कच्चं जवस तेल तर महिनोन् महिने ओलं राहतं, ते आणूच नका. पाण्याचं पीयू, म्हणजे पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वॉर्निश, एक-दोन तासांत हाताला सुकलेलं लागतं पण आतपर्यंत पक्कं व्हायला काही आठवडे जातात. आणि डब्यावर छापलेला वेळ साधारण 25 डिग्री आणि मध्यम कोरड्या हवेचा असतो हो, ठाण्यात ऑगस्टमध्ये मिठाला पाणी सुटतं, डबा उघडला की पापड मऊ पडतो, तिथे तो वेळ कसा लागू होणार? दुप्पट धरा.

दिवस कमी असतील तर लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून. 100 ग्रॅम चपडीला साधारण अर्धा लिटर स्पिरिट, रात्रभर झाकून ठेवायचं, मधेमधे हलवायचं. पातळ हात, म्हणजे एक थर, अर्ध्या तासात सुकतो, दुसऱ्या दिवशी वस्तू हाताळता येते. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवर जी चकाकी असते तीही बऱ्याचदा लाखेचीच, त्यामुळे तोंडात घालणारी लहान भावंडं घरात असतील तर मी हेच निवडेन. पण दोन गोष्टी. भर पावसात लावलं तर पांढरट धुकं धरतं, तेव्हा उघडीप बघून दुपारी लावा. आणि विरघळवलेलं पॉलिश काही महिन्यांनी जुनं होतं, मग ते कडक सुकतच नाही, चिकटच राहतं. परत तेच दुखणं! दुकानातल्या तयार बाटलीवर तारीख नसेल तर घेऊ नका, चपडी घेऊन घरी करा. स्पिरिट पेट घेतं आणि पोटात गेलं तर विष आहे, ते काम मोठ्यांचंच.

उलथनं, पोळपाट असलं काही असेल तर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण. हे सुकत नाहीच, मुरतं, जास्तीचं पुसायचं आणि अधूनमधून परत लावायचं. खोबरेल, शेंगदाणा तेल नको, पुढे खवट वास येतो, शिवाय शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असू शकतं.

घरी फर्निचरचं काम झाल्यावर सुतार मेलामाइन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिशचा उरलेला डबा ठेवून जातो ना, तो मुलांसमोर उघडायचाच नाही. माळ्यावरचे जुने ऑइल पेंटचे डबेही नकोत. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ही मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय असेल त्याचा भरवसा नाही. रंग हवाच असेल तर खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकात, आयएस 9873 मध्ये, बसतो का ते दुकानदाराला विचारा. तो वैतागला तरी विचारा.

लाकूडही बघा. सागात स्वतःचंच तेल असतं, त्यावर जवस तेल आणखी उशिरा सुकतं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असेल तर शोषून घेतं, एक हात जास्त लागतो.

आणि आता जे मी केलं नाही ते. त्याच लाकडाचा उरलेला तुकडा घ्या, त्याच सँडपेपरने घासा, तेच फिनिश लावा, वर तारीख लिहा आणि जिथे वस्तू ठेवणार त्याच खोलीत ठेवा. कार्यक्रमाच्या सहा-सात आठवडे आधी. रोज अंगठा दाबून बघा, ठसा उमटतो का. मग नाक लावून वास घ्या, वास येतोय म्हणजे अजून आत ओलं आहे. हा तुकडा सुकला नाही तर मुलांच्या वस्तूही सुकणार नाहीत, कितीही पंखे लावा. तुकडा सुकायला जितके दिवस लागले त्यात चार मिळवा, तेवढे दिवस हातात नसतील तर फिनिश बदला, तारखेला धरून घाई करू नका.

घासायला 120 नंबरचा सँडपेपर, मग 180, मग 220, धूळ ओल्या फडक्याने. मुलं भरपूर ओततात, त्यांना वाटतं जास्त लावलं की जास्त चमकेल, तर तेल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून घ्या, जाड थराला वरून साय धरते आणि खाली ओलंच राहतं. खाली वर्तमानपत्र अजिबात नको, फळीत चार स्क्रू उलटे वर काढून त्यावर वस्तू टेकवा.

तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप तापून पेटतात. बाहेर एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून पत्र्याच्या डब्यात. ग्लोव्हज, जुने टीशर्ट, खिडक्या उघड्या. तुकड्यावरची तारीख परत एकदा बघा.