बीएसएल-३ चं प्रशिक्षण: एसओपी घरी वाचा, वर्गात हात चालवा

बीएसएल-३ म्हणजे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या, कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला नियम माहीत नव्हते, असं मला क्वचितच आढळलंय. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे तो झोपेतही सांगेल. आणि गडबडीत लावेल. म्हणून मी वर्गात एसओपी, म्हणजे कामाची लिहून ठेवलेली ठरावीक पद्धत, वाचून दाखवत नाही. ती आधी वाचून यायची.

संशोधक पाईक यांनी १९७६ साली प्रयोगशाळेतून लागण झालेल्या ३,९२१ जणांची आकडेवारी मांडली. त्यातल्या २० टक्क्यांहून कमी प्रकरणांत ‘हा अपघात झाला’ असं बोट ठेवता आलं. उपकरणं तेव्हापासून खूप बदलली, पण नवशिक्यांना मी हाच आकडा आधी सांगते. त्यांना वाटत असतं की धोका आला तर कळेलच.

सुरुवात पोशाख उतरवण्यापासून करा. चढवताना सगळेच काळजी घेतात. उतरवताना माणूस दमलेला असतो, मनाने घरी पोचलेला असतो. अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन मिळतं. ते गाऊनच्या पुढच्या भागाला आणि बाहेरच्या हातमोज्यांना लावा आणि नेहमीसारखा पोशाख उतरवायला सांगा. मग खोलीतले दिवे घालवा. मनगट, हनुवटी, कानामागे, कधी चष्म्याची दांडी चमकते. या वेळी भाषण देऊ नका, बघू द्या. हातमोजा झटक्याने ओढणारे तर लगेच ओळखू येतात, त्यांच्या बाहीवर ठिपके उडालेले असतात.

पुन्हा तेच करायचं, पण आता जोडीदार एकेक पायरी मोठ्याने वाचेल आणि वाचल्याशिवाय हात हलणार नाही. क्रम तुमच्या प्रयोगशाळेच्या एसओपीतलाच ठेवा. इंटरनेटवरचा तक्ता भिंतीवर चिकटवू नका.

नंतर कॅबिनेट, म्हणजे ज्याच्या आत हात घालून जंतूंवर काम करतात ते हवा आत ओढणारं कपाट. निर्जंतुक केलेलं, रिकामं, पण चालू असलेलं हवं. क्लास टू प्रकारच्या कॅबिनेटच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत ओढली जाते. मागून कुणी तरातरा चालत गेलं तरी हवेच्या त्या पडद्याला धक्का बसतो. धूर सोडणारी नळी कॅबिनेटच्या तोंडाशी धरा. आधी हात सरळ, सावकाश आत घालायला लावा, मग आडवा फिरवायला. धूर बाहेर येताना एकदा डोळ्यांनी पाहिला की ‘हात आडवे फिरवू नका’ हे पुन्हा सांगावं लागत नाही. हात आत घातल्यावर मिनिटभर थांबून मगच कामाला लागायचं, ही सवयही इथेच लावा.

सांडण्याचा सराव मात्र न सांगता घ्यावा, आणि तोही सरावाच्या खोलीतच. नळ्यांत रंगीत पाणी भरा आणि काम रंगात आलं की कॅबिनेटबाहेर एक नळी पाडा. पहिले दहा सेकंद नीट पाहा. बहुतेक जण वाकतात, उचलायला हात पुढे करतात. तेच मोडायचं आहे. श्वास रोखायचा, सोबत्याला ओरडून सांगायचं, बाहेर पडायचं, दार लावायचं. हवेतले कण बसेपर्यंत ३० मिनिटं आत जायचं नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, नळी फुटल्याचा आवाज आला तरी यंत्र बंद करून झाकण तितकाच वेळ मिटलेलं ठेवायचं. ही ३० मिनिटं सरावात खरोखर थांबायला लावा. लोक वैतागतात, ‘समजलं मॅडम, पुढे जाऊ’ म्हणतात. नियम मोडतो तो याच वैतागात, त्यामुळे त्याचीही सवय व्हायला हवी.

सगळ्यात अवघड शिकवणी जिभेची. एखाद्या वरिष्ठ शास्त्रज्ञाला आधी सांगून ठेवा की त्याने हातमोजा आणि बाहीमध्ये उघडी फट ठेवून आत निघायचं. सोबतच्या नवख्या मुलीने ‘सर, थांबा’ म्हणायचं. सरांना एकच उत्तर मंजूर: ‘थांबलो, सांग.’ भुवई वर गेली तरी सराव पुन्हा पहिल्यापासून. मला या खेळात नापास होताना जास्त करून वरिष्ठच दिसतात.

डिसेंबर २००३ मध्ये तैपेईतल्या एका संशोधकाला प्रयोगशाळेत सार्स या गंभीर श्वसनरोगाची लागण झाली. कॅबिनेटमध्ये सांडलेला कचरा त्याने साफ केला होता आणि दुसऱ्याच दिवशी तो परिषदेसाठी सिंगापूरला गेला. परतल्यावर ताप आला, तरी काही दिवस तो घरीच राहिला. सांडणं, घाई, गप्प बसणं: तिन्ही एका माणसात, आणि प्रयोगशाळा सर्वोच्च सुरक्षेची. हे सांगून झाल्यावर प्रत्येकाला फोन लावायला लावा: ‘मला ताप आहे, मी अमुक जंतूवर काम करते.’ फोन घेणाऱ्या प्रमुखालाही सराव हवा. त्याचं पहिलं वाक्य ‘बरं केलंस सांगितलंस’ असं असावं, ‘कसं काय झालं?’ नंतर.

परीक्षा म्हणून बहुपर्यायी प्रश्न देऊ नका. काही आठवड्यांनी काचेतून पाहा: चष्मा सारायला हात वर जातो का, जोडीदाराची वाट न बघता कुणी पोशाख उतरवतं का. जे दिसेल ते त्याच दिवशी, एकट्याला गाठून सांगा.

आणि ‘आज झोप झाली नाही, मी आत जात नाही’ असं म्हणायची मुभा एसओपीतच लिहून घ्या. तोंडी मुभा कामाचा रेटा वाढला की कुणी वापरत नाही.