लाकडाखाली झोपलेला ड्रॅगन

डिसेंबरात आमच्या बिअर्डेड ड्रॅगननं (पाळीव सरडा तो) खाणं सोडलं आणि लाकडाखाली तोंड खुपसून पडला. कोल्हापुरातलं, राजारामपुरीतलं घर, पहाटे पारा १६ वर. आई म्हणाली, "मेलं की काय रे ते?" घाबरून मी त्याला अळ्या भरवल्या. तीच चूक. ती त्याची थंडीतली लांब झोप होती. अंग गार पडलं की पचन थांबतं, पोटातलं तसंच कुजतं. मग आठवडाभर ४० अंशांच्या दिव्याखाली ठेवला, खायला काही नाही, रोज कोमट पाण्यात बसवला. शी झाली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला! ती तपासून घेतली, जंत नव्हते. त्यानंतरच दिव्याचे तास हळूहळू कमी केले आणि त्याला झोपू दिलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन (आईच्या शिव्या खात): आधी ४१२ ग्रॅम, महिन्यानं ४०५. दहा टक्के घटलं असतं तर डॉक्टर गाठला असता. फेब्रुवारीत एका सकाळी एक डोळा उघडून बघत होता. आधी पाणी, मग दिवा. अळी दोन दिवसांनी.