साड्यांच्या दुकानात टोळी शिरते तेव्हा

लग्नसराईत बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत किंवा निपाणीच्या पेठेत गादीभर साड्या उलगडलेल्या असतात. टोळीला हीच वेळ हवी असते. चार-पाच बायका येतात, कधी सोबत एखादा पुरुष, एखादं लेकरू. दोघी भावावरून हुज्जत घालतात, तिसरी पाणी मागते, चौथी 'ती वरच्या फळीवरची दाखवा' म्हणून सेल्समनला पाठ फिरवायला लावते. तेवढ्यात एकजण साडी पडद्यासारखी आडवी धरते आणि तिच्या आडून दोन घड्या परकरात शिवलेल्या झोळीत जातात. माल जायच्या आधी तुमचं लक्ष गेलेलं असतं, म्हणून पहिला उपाय मोजणीचा.

एका गिऱ्हाइकासमोर एका वेळी पाचच साड्या. सहावी काढायची तर आधी एकीची घडी होऊन ती थप्पीला गेली पाहिजे. पाच नग नजरेनं मोजता येतात, बारा येत नाहीत. घोळका पाचजणींचा असला तरी तो एकच गिऱ्हाईक धरायचा. थप्प्या दहा-दहाच्या लावा, म्हणजे कमी पडलेला नग लगेच कळतो. गर्दीत हा नियम मोडतो, तो बहुतेक वेळा घडी घालायला हात मोकळा नसतो म्हणून. सीझनपुरता एक मुलगा फक्त घड्या घालायला ठेवा. आणि एक जुना माणूस काही न विकता दाराजवळ उभा राहू दे.

सेल्समननी एकमेकांना सावध करायला एखादा शब्द ठरवावा, 'छत्तीस नंबरचा गठ्ठा काढ' असा काहीतरी. 'कुंदा मागव' नको, खरंच कोणीतरी ती मिठाई घेऊन येईल. शब्द ऐकला की जवळचा माणूस हातातलं काम सोडून गादीपाशी येतो आणि 'ताई, मी घडी करून देतो' म्हणत उघडा माल आवरायला लागतो. बहुतेक टोळ्या एवढ्यावरच उठतात. संशय वागण्यावरून घ्यायचा. वेशावरून, बोलीवरून किंवा जातीवरून घेतला तर चांगलं गिऱ्हाईक दुखावतं आणि नीटनेटकी दिसणारी टोळी मोकळी सुटते.

कॅमेऱ्याची चूक नेहमीची: छतावरून डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो. एक कॅमेरा दाराच्या आत साडेपाच-सहा फुटांवर, बाहेर जाणाऱ्याचा चेहरा टिपेल असा लावा. दारातल्या उजेडानं चेहरे काळे पडत असतील तर त्याचं डब्ल्यूडीआर (उजेड-सावलीचा फरक सावरणारी सोय) चालू करा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन एमबीपीएसच्या रेकॉर्डिंग वेगावर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसच पुरते. आपल्याकडे तूट कळते ती महिन्याच्या स्टॉकमोजणीला, तोवर रेकॉर्डिंग पुसलेलं असतं. ४ टीबी घ्या, डीव्हीआरला (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीला) यूपीएस द्या आणि त्याचं घड्याळ दर महिन्याला मोबाईलशी जुळवा. ते वीस मिनिटं मागं असेल तर गल्लीतल्या इतर कॅमेऱ्यांशी मेळ बसत नाही. दारात वाजणारे चोरीरोधक टॅग लावत असाल तर रेशमी साडीला टॅगची पिन टोचू नका, दोऱ्याच्या फासात अडकवा.

चोरी डोळ्यांदेखत झाली तर ११२ लावा. माणसं किती, गाडीचा नंबर आणि रंग काय, गाडी कुठल्या दिशेला गेली, एवढं आधी सांगा. इथे दिशेला फार महत्त्व आहे: शिनोळी किंवा कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ल्याच्या घाटातून गोवा. अंगझडती कोणीही घेऊ नये, दुकानातल्या बायकांनीसुद्धा नाही. ते काम महिला पोलिसांचं. मारहाण केलीत तर गुन्हा तुमच्यावर. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा समोर घडला तर सामान्य माणूसही अडवू शकतो, पण उशीर न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

फिर्यादीत 'टोळीनं, संगनमतानं' हे शब्द यायला हवेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीनं केलेली दुकानातली चोरी येते आणि शिक्षा एक ते सात वर्षांची आहे (फोनचा आणि कलमाचा आकडा एकच, लक्षात ठेवायला सोपं). साधी चोरी म्हणून नोंद झाली, माल पाच हजारांच्या आतला निघाला, पहिलाच गुन्हा असला आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेवर थांबते. म्हणून खरेदीची जीएसटी बिलं, स्टॉक रजिस्टर, नगवार किंमत सोबत न्या आणि साडीचं वर्णन काठ, पदर, रंग सांगून लिहा. एफआयआर कन्नडमध्ये असते, म्हणून कन्नड वाचणारा माणूस बरोबर हवा. ती वाचून दाखवणं पोलिसांचं काम आहे, प्रत फुकट मिळते, आणि हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात शून्य एफआयआर नोंदवता येते.

स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून टिकवणं अवघड. डीव्हीआरमधून मूळ फाईल काढा, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा; त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लागते, कॅमेरेवाल्याकडून काढून घ्या. क्लिप आधी पोलिसांना, मग गल्लीतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर, तीही वेळ आणि पद्धत सांगून. चेहऱ्याखाली 'चोर' लिहून पुढं पाठवली आणि माणूस दुसराच निघाला तर बदनामीचा दावा तुमच्यावर.

विम्याची पॉलिसीही काढून वाचा. नेहमीच्या घरफोडी विम्यात कुलूप किंवा शटर तोडल्याची खूण लागते, गादीवरून गेलेली साडी त्यात बसत नाही.