वन-वे किंवा बसचा रूट बदलणार असेल तर आधी काय काय मोजायचं

आमच्या घराजवळचा बसथांबा एकदा पाखाडीच्या, म्हणजे चढावरच्या पायऱ्यांच्या वाटेच्या, पायथ्यापासून वरच्या नाक्यावर नेला होता. नकाशावर अंतर काहीच नाही, दोनशे मीटर असेल, पण आईचे गुडघे दुखतात आणि पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यामुळे जूनपासून तिने बाजाराला जाणंच सोडलं. ठरवणाऱ्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, कुणी मोजलंच नव्हतं एवढंच. तेव्हापासून असा काही प्रस्ताव आला की मी वही घेऊन जाते. कसं करायचं ते लिहितेय, रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही गावात चालेल.

पहिलं काम, प्रस्ताव नेमका काय आहे ते कागदावर मिळवा. "रस्ता वन-वे होणार" एवढं पुरत नाही, कुठल्या नाक्यापासून कुठल्या नाक्यापर्यंत, किती वाजता ते किती वाजता, एसटीला सूट आहे का, पार्किंग कुठल्या बाजूला, थांबे कुठे जाणार, हे सगळं हवं. रत्नागिरीत सिटी बससुद्धा एसटीचीच, म्हणजे नगरपरिषद, पोलिसांची वाहतूक शाखा आणि एसटी आगार अशा तिन्ही ठिकाणी विचारायचं, कारण एकाला माहीत असतं ते दुसऱ्याला माहीत असेलच असं नाही. नीट विचारलं तर बरेचदा लगेच दाखवतात, नाहीच दाखवलं तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि एक प्रश्न विसरू नका, ही ट्रायल आहे की कायमचं? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 प्रमाणे एक महिन्यापेक्षा जास्त चालणारं निर्बंध असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते, महिन्याच्या आतलं असेल तर स्थानिक पातळीवर जाहीर केलं तरी चालतं. ट्रायल असेल तर तुमच्या हातात वेळ फार थोडा आहे, लगेच मोजायला लागा.

आता कधी मोजायचं, कारण आपल्याकडे इथेच सगळं चुकतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदराच्या बाजूला जाऊन गाड्या मोजल्या तर रस्ता रिकामाच दिसणार. मे महिन्यात शाळा-कॉलेज बंद, उलट आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो आणि पर्यटकांच्या गाड्या. गणपतीत चाकरमानी आल्यावर तर विचारूच नका. म्हणून एक मोजणी साध्या आठवड्यात करा, डिसेंबर-जानेवारीतला मंगळवार किंवा बुधवार बरा, आणि दुसरी त्या रस्त्याच्या सगळ्यात वाईट दिवसाची, म्हणजे बाजाराचा दिवस, नाहीतर मासळीच्या लिलावाची वेळ. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 7, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात. दोघं असाल तर एकाने एक दिशा घ्या, एकट्याने दोन्हीकडे बघायला गेलं की टू-व्हीलर सुटतातच.

मोजताना गाड्यांबरोबर माणसं मोजा, हे मी परत परत सांगेन. बसमध्ये 40 जण असतील आणि बदलामुळे बसला 6 मिनिटं जास्त लागणार असतील तर 240 माणसांची मिनिटं गेली. त्याच वेळात 60 कारची एकेक मिनिट बचत झाली आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला तरी ती होतात फक्त 90. नुसत्या गाड्या मोजल्या असत्या तर 60 विरुद्ध 1 असा हिशोब दिसला असता आणि बदल चांगला वाटला असता. चालणारेसुद्धा याच वहीत लिहा, ते कुठल्याच गाडीत नसतात म्हणून राहून जातात.

बसचा हिशोब जरा सावकाश वाचा कारण खरा फटका इथे बसतो. समजा एका रूटची पूर्ण फेरी, थांबण्याच्या वेळेसकट, 60 मिनिटांची आहे आणि दर 15 मिनिटांनी बस सुटते, म्हणजे 4 बस लागतात. वन-वेच्या वळशाने फेरी 68 मिनिटांची झाली तर त्याच अंतराने बस सोडायला 5 बस आणि त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर लागणार. पाचवी बस आगाराने दिली नाही तर 4 बसमध्ये दर 17 मिनिटांनी एक बस येईल, आणि एखादी फेरी रद्द झाली की थेट 34 मिनिटं ताटकळायचं. त्यामुळे आगारात "वेळ वाढेल का" असं मोघम विचारू नका, "पाचवी बस मिळणार का" असं विचारा. डिझेलचंही बघा, 800 मीटरचा वळसा आणि दिवसाला 40 फेऱ्या म्हणजे रोज 32 किलोमीटर जास्तीचे. साध्या एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्याने ठरतं, तेव्हा गावाकडच्या गाड्यांचा एखादा टप्पा वाढतो का तेही कंडक्टरला विचारून ठेवा.

मग चालून बघा. थांब्यापासून 400 मीटर सपाट रस्ता पाच-साडेपाच मिनिटांचा, पण आपल्याकडे सपाट आहे कुठे, चढ, पाखाडी, पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव म्हणजे छोटा पूल, म्हणून पट्टीने मोजू नका, घड्याळ लावून चाला, आणि शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच्या चालीने चाला. जिल्हा रुग्णालयाला जाणारे, दप्तरवाली पोरं, डोक्यावर टोपली घेऊन बसमध्ये चढणाऱ्या कोळणी, या तिघांशी थांब्यावरच बोला. कोळणींबद्दल माझी विनंती अशी की त्यांना सकाळच्या घाईत थांबवू नका, मासे विकून परतताना त्या निवांत सांगतात, आणि कुठला कंडक्टर टोपली घेतो आणि कुठला नाही इथपासून सगळं सांगतात. रस्ता ओलांडायला गाड्यांमधून किती सेकंदांची फट मिळते तेही मोजा. वन-वे झाला की गाड्यांचा वेग वाढतो, फट असली तरी म्हातारं माणूस पाऊल टाकायला घाबरतं.

वळवलेला रस्ता पावसाळ्यात टिकतो का हे जुन्या दुकानदारांना विचारा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात बाजारपेठेत आणि एसटी आगारातही पाणी भरलं होतं, अशा सखल भागातून एकुलता एक पर्यायी मार्ग नेला तर गाड्या जाणार कुठून? शिमग्याची पालखी कुठून जाते, ॲम्ब्युलन्स उलटी येऊ शकते का, रिक्षा स्टँड कुठे हलणार, हे प्रश्न एका संध्याकाळी विचारून होतात.

दुकानदार धंदा बसेल म्हणतील. त्यांचं ऐका, पण माल उतरवायची वेळ आणि जागा विचारून घ्या, बऱ्याचदा खरी अडचण तीच असते आणि सकाळी 9 च्या आत टेम्पोला परवानगी दिली की सुटते.

शेवटी सगळं एका पानावर आणा. डाव्या बाजूला कोण, मधे आज किती मिनिटं, उजवीकडे बदलानंतर किती, आणि खाली तुमची मागणी, एकच पण नेमकी, "वरच्या नाक्याबरोबर खालचा थांबाही ठेवा" अशी. अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. बदल सुरू झाला की तीन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून परत मोजा आणि दोन्ही पानं एकत्र जोडून तिन्ही ऑफिसात द्या.