ॲल्युमिनियमला हार्डनेस येत नाही? एजिंग वाढवण्याआधी या चुका टाळा

६०६१ या मॅग्नेशियम-सिलिकॉनवाल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या लॉटला टी-६ नंतर (म्हणजे सोल्युशनसाठी खूप तापवणं, क्वेंच म्हणजे पाण्यात झटकन थंड करणं आणि मग एजिंग म्हणजे कमी तापमानाला काही तास ठेवणं) ९५ ब्रिनेलच्या आसपास हार्डनेस हवा आणि येतोय ७०. अशा वेळी बहुतेक जण करतात तेच मीही केलं होतं. जॉब परत १७५ अंशांच्या भट्टीत टाकले, आणखी चार तास. आकडा वाढला तर नाहीच, उलट दोनने उतरला.

एजिंगच्या भट्टीत काहीच खोट नव्हती. आदल्या टप्प्यात, सोल्युशनच्या ५३० अंशांवरून बास्केट काढताना हुक अडकला होता आणि पातळ जॉब पाण्यात पडेपर्यंत अर्धा मिनिट गेला होता. त्या तापमानाला मॅग्नेशियम आणि सिलिकॉन ॲल्युमिनियममध्ये विरघळलेले असतात. जॉब ४०० ते २९० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की ते बाहेर पडून जाडेभरडे कण होऊन बसतात. खरी ताकद येते ती एजिंगमध्ये तयार होणाऱ्या नॅनोमीटर जाडीच्या सुयांमुळे, आणि त्या घडायला मग मालच उरत नाही. भट्टीत कितीही शिजवा. सोल्युशनपासून पुन्हा सुरुवात करणं हाच उपाय. (२०२४ या तांब्याच्या मिश्रधातूचा क्लॅड, म्हणजे वर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असलेला, पत्रा मात्र वारंवार तापवू नका, तांबं वरच्या शुद्ध थरात शिरतं.)

हार्डनेसच्या एकट्या आकड्यावर निदान करू नका. कच्चा जॉब आणि जास्त शिजलेला जॉब सारखाच आकडा दाखवू शकतात. एडी करंट मीटरने विद्युतवाहकता बघा: ६०६१ मध्ये टी-४ ला (क्वेंचनंतर एजिंगच्या भट्टीत न घातलेला) साधारण ४० टक्के आयएसीएस (तांब्याच्या वाहकतेच्या तुलनेतलं माप), टी-६ ला ४३, पूर्ण ॲनिल करून मऊ केल्यावर ४७. हार्डनेस कमी आणि वाहकताही कमी, तर एजिंग अपुरं. हार्डनेस कमी पण वाहकता चढलेली, तर माल आधीच बाहेर पडलाय. मी तेव्हा मीटर लावला असता तर ते चार तास आणि वीज दोन्ही वाचलं असतं.

शनिवारी क्वेंच, सोमवारी एजिंग, ही सवयही मोडा. ६०६१ मध्ये मधल्या वेळात साध्या तापमानालाच अणूंचे पुंजके जमतात आणि पुढे सुया नीट बनत नाहीत. गंमत म्हणजे १९०६ साली आल्फ्रेड विल्मला एज-हार्डनिंगचा शोध लागला तो अशाच सुट्टीनंतर, असं सांगतात. पण त्याच्या मिश्रधातूत तांबं होतं. तिथे थांबणं फायद्याचंच.

आणि घाईत सोल्युशनचं तापमान चढवू नका. २०२४ ला ४९५ अंश लागतात. ५०२ च्या आसपास धातूच्या स्फटिककणांच्या सीमा वितळायला लागतात. तसा जॉब पुन्हा ट्रीटमेंट करूनही सुधरत नाही, थेट भंगारात जातो.